सुरक्षित उंचीवरचे हेलिकॉप्टर

माणूस जितका उंच, तितका सुरक्षित, हे शास्त्र जगातील सर्व राजधान्यांना मान्य आहे. त्याच आधारावर संरक्षण खात्याने परिपत्रक काढले : खांद्यावरून डागायचे क्षेपणास्त्र साडेतीन हजार मीटरच्या वर पोचत नाही, सबब त्याहून उंचावरील प्रत्येक लष्करी हेलिकॉप्टर सुरक्षित समजण्यात यावे.

परिपत्रक निर्दोष होते. उंची तेवढी समुद्रसपाटीपासून मोजली होती (देशाला समुद्र नसतानाही). त्यामुळे पामीरच्या पठारावरील अकताशचा तळ, ज्याची जमीनच अडतीसशे मीटरवर आहे, एका सहीसरशी निर्धोक झाला. तेथील हेलिकॉप्टर उभ्या जागी सुरक्षित ठरले. शेजारी चरणारे याकही ठरले (त्यांना कळविण्यात आले नाही).

सुरक्षित हेलिकॉप्टरला क्षेपणास्त्राला चकवणारे आगगोळे कशाला हवेत? ते राजधानीत नेण्यात आले आणि नवरोजच्या संचलनात उडविण्यात आले. लोकांना फार आवडले.

वैमानिक मेजर अक्नझरने नम्रपणे कळविले की, क्षेपणास्त्र घेतलेला माणूसही त्याच पठारावर उभा असतो. उत्तर आले : शत्रूची उंची हा विषय या शाखेच्या अखत्यारीत येत नाही.

आणि नेमके परिपत्रकाचे जनक कर्नल नसीमजान पाहणीला आलेले असताना खिंडीपलीकडच्या चौकीवरून निरोप आला : शिपाई शेरदिलचे आंत्रपुच्छ फुटले आहे, रस्ता बर्फाखाली आहे. वाटेतल्या कड्यांवर तस्करांकडे क्षेपणास्त्र दिसल्याचे मेंढपाळ आठवडाभर सांगतच होते.

“कर्नलसाहेब, एक पेटी आगगोळे तरी मागवून द्या,” अक्नझर म्हणाला.

“कशाला? तुम्ही सुरक्षित आहात. सही माझी आहे.”

“मग चला की सोबत. जाऊन येऊन तासाभराचं काम.”

चुलीशेजारी बसलेल्या कर्नलसाहेबांनी शिरचायचा, म्हणजे खारट दूधचहाचा, वाडगा खाली ठेवला. विरळ हवेने आपल्याला गरगरते, शिवाय तपासणाऱ्याने तपासलेल्या सोयीचा लाभ घेणे शिष्टसंमत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले.

“बसू दे त्यांना, अक्नझर-आका,” यंत्रज्ञ खुदोयोर हेलिकॉप्टरकडे जाता जाता पुटपुटला. “ती चूलसुद्धा साडेतीन हजारांच्या वर आहे.”

अक्नझर नदीच्या पात्रातून, चाके पाण्याला लागतील इतक्या खालून गेला. (नियमभंग झाला नाही. त्या पठारावर तो करताच येत नाही.) परतताना उजव्या कड्यावरून धुराची रेघ निघाली. त्याने हेलिकॉप्टर दगडी सुळक्याआड घातले. क्षेपणास्त्र सुळक्यावर फुटले, एक तुकडा शेपटीतून आरपार गेला. मागे शेरदिल कण्हत होता. तो कण्हतोय तोवर ठीक आहे, एवढाच विचार अक्नझरच्या डोक्यात होता. शस्त्रक्रिया वेळेत झाली.

राहिला प्रश्न भोकाचा. त्या उंचीवर क्षेपणास्त्र पोचत नसल्याने भोक पक्ष्याने पाडले, हे उघड होते. कर्नलसाहेबांनी अहवालात ‘गरुड’ लिहिले. भोक पुन्हा एकदा पाहून ‘मोठा गरुड’ केले. सहीशिवाय दुरुस्तीचा पत्रा मिळत नाही, म्हणून अक्नझरनेही सही केली आणि खाली पुन्हा आगगोळे मागितले. पक्षी आगगोळ्यांना भुलत नाहीत, या कारणास्तव मागणी फेटाळण्यात आली.

वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लावलेले तपासणीचे प्रमाणपत्र एकदा वाचावे. त्यावरही कुणा न चढलेल्याची सही असेल; आणि आपण तर आगगोळेसुद्धा मागितलेले नाहीत.