भामामावशीच्या खानावळीतले रशियन

माणूस कसा आहे हे भामामावशी त्याच्या उष्ट्या ताटावरून ठरवायची. ताट चाटूनपुसून साफ करणारा तो देवमाणूस. कोशिंबीर बाजूला सारणारा आतल्या गाठीचा. आणि भात टाकून उठणारा हमखास बायकोला छळणारा, मग त्याचं लग्न झालेलं नसलं तरी. हा कायदा लालबागपुरता होता तोवर माझी काही तक्रार नव्हती. पुढे तिने तो रशियाला लावला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

मी शाळामास्तर. आमच्या चाळीत तिच्या आणि माझ्या खोलीमध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. नवरा गेल्यावर तिने खानावळ घातली. गिरणीत कामाला असलेली, बायकापोरं गावी ठेवून आलेली कोकणातली माणसं तिच्याकडे जेवायची. रिवाज असा की ज्याने त्याने आपलं पितळी ताट आणायचं, त्यावर नाव कोरलेलं असायचं, आणि त्या ताटात दुसऱ्या कोणी जेवायचं नाही. मीही तिच्याकडेच जेवायचो, पण मी गिरणीतला नव्हे, सबब मला पोचे आलेली एक ॲल्युमिनियमची ताटली.

मग संप आला. महिना-दोन महिने लोकांनी कळ काढली आणि एकेक करून गावची वाट धरली. सगळ्यात शेवटी गेला गवस, साच्यावर म्हणजे मागावर काम करणारा, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. जाताना म्हणाला, "ताट ठेव गे मावशी. गिरणीचो भोंगो वाजलो काय इलंय बघ."

सगळ्यांनी मागे ठेवलेली ताटं मावशीने फळीवर ओळीने मांडली. रिकामी असूनही चिंच लावून घासायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, आता तरी मला एखादं दे." तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आपली ताटलीच पुढे ओढली.

दुपार खायला उठायची, तेव्हा एक दिवस ती माझ्या दारात आली. "मास्तरा, कायतरी वाचूक दी रे. पण जाडा दी. बेगीन संपाक नको."

चौथीपर्यंत शिकलेली बाई. मी थट्टेने माझ्याकडची सर्वांत जाडी रशियन कादंबरी काढून दिली. फुटपाथवर घेतलेली, मराठी भाषांतर, उशाला घेतली तर मान अवघडेल एवढी. मला वाटलं दोन दिवसांत परत येईल. ती परत आलीच नाही, मावशी मात्र रोज यायला लागली.

"एका माणसाक तीन तीन नावा कित्याक? पोलिसांका चुकवता काय?"

मी तिला रशियन नावांची पद्धत समजावून द्यायला बसलो, आणि वडिलांच्या नावापाशी माझीच जीभ अडकली. तिने हात झटकले आणि सोपा उपाय केला. सगळ्या रशियनांना आपल्या गिऱ्हाइकांची नावं दिली. शेतकऱ्यांच्या कल्याणावर पानंच्या पानं बोलणारा जमीनदार, तो परब, कारण परबही आमटी निवेपर्यंत भाषण करायचा. शब्दाला शब्द लागला की द्वंद्वयुद्धाला उभा राहणारा कप्तान, तो तावडे. तावड्याने एकदा माशाचं शेपूट वाढलं म्हणून तांब्या फेकला होता. आणि जमीनदाराचा धाकटा मुलगा, जो फाटकाशी वळून हात हलवतो आणि लढाईवर जातो, तो गवस.

ह्या नावांनी मला वेड लागायची पाळी आली. मी म्हणायचो, "मावशी, त्याचं नाव परब नाही!" ती म्हणायची, "मगे काय ता सांग." की मी पुन्हा वडिलांच्या नावापाशी अडकायचो.

रशियन माणसांबद्दल तिचं मत एकूण वाईट होतं. "दिवसभर चाय पितत. जेवतत कधी?" कादंबरीची नायिका खिडकीशी बसून रडते, मी वर्गात ज्या प्रसंगाचं कौतुक करतो त्यावर मावशीचा शेरा, "चार भाकऱ्यो भाजूक लावल्यार रडाक वेळ गावाचो नाय." बरं, मत सांगून थांबेल तर शपथ. जणू ही सगळी माणसं मीच तिच्याकडे जेवायला पाठवली होती, अशा सुरात ती मला जाब विचारायची.

एकदा सकाळी मी पेपर तपासत होतो. भिंतीपलीकडून किंकाळी आली, "मास्तरा, धाव रे! तावड्यान पिस्तूल काढल्यान!"

संपाचे दिवस. कोण कामावर जातो, कोण अडवतो, ह्यावरून रोज डोकी फुटत होती. सगळी गॅलरी धावली. समोरच्या चाळीतून तावड्याचा चुलतभाऊ अनवाणी आला आणि "तो गावाक आसा हो, तो तसो नाय हो!" म्हणत रडायलाच लागला. मावशी पाटावर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. इतक्या लोकांना पाहून म्हणाली, "बसा. नेम चुकलो त्याचो." लोकांनी तिला काही म्हटलं नाही. शिव्या मी खाल्ल्या, कारण पुस्तक माझं.

त्यानंतर कधीतरी तिचं वाचन थांबलं. खूण म्हणून घातलेला झाडूचा हीर शेवटच्या भागाच्या तोंडाशी आला आणि तिथून हलेना. पुस्तक डाळीच्या डब्यामागे गेलं. मी मागायला लागलो की एकच उत्तर, "गवस अजून लढायेवर आसा."

"अगं, पुढे वाचल्याशिवाय तो येणार कसा?"

"मी वाचीपर्यंत तो मरणा तरी नाय."

मला शेवट ठाऊक होता. तो पोरगा येत नाही, लेखकाने त्याला दोन ओळींत आटोपलंय. सांगून टाकावं असं शंभरदा तोंडावर आलं आणि फळीवरच्या ताटांकडे नजर गेली की जीभ रेटेना.

भोंगा काही वाजला नाही. गिरणीच्या आवारात गवत वाढलं. तावड्याचं ताट त्याचा चुलतभाऊ घेऊन गेला. मग एकदा परब स्वतः गावाहून आला, ताट पिशवीत घातलं, आणि ह्या खेपेला भाषण केलं नाही. मावशीने गवसची चौकशी केली. तो खाली बघत म्हणाला, "आंब्याच्या बागेत राखणीक ऱ्हवता. मुंबईचा नाव काढला काय उठान जाता."

मावशीने त्याला लाडू बांधून दिले. मग मुलीला वडाळ्याला निरोप पाठवला की येते तुझ्याकडे राहायला.

जायच्या आधीच्या रविवारी तिने मला दुपारी जेवायला बोलावलं. खोलीत बांधाबांध झालेली. मी सवयीने ताटली शोधू लागलो, तर तिने पितळी ताट पुढे सरकवलं. भात, बांगड्याचं सार, कडेला सोलकढी. काठावर कोरलेलं होतं, गवस. पाटाशेजारी माझं पुस्तक होतं, आणि त्यात हीर नव्हता.

"वाचलंय," ती म्हणाली.

इतके दिवस मी ह्या बाईशी प्रत्येक पात्रावरून भांडलो होतो, तिच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवलं होतं. आणि आता मीच म्हणालो, "मावशी, भाषांतर चुकलं असेल. मूळ रशियनमध्ये येत असेल तो परत."

"तुका खोटा बोलाक येयना, मास्तरा. जेव."

मला फार वाईट वाटत होतं. थोडा भात बाजूला सारून मी हात थांबवला, तसा तिने सगळा भात परत माझ्यापुढे लोटला.

"टाकू नको," ती म्हणाली. "गवसान ह्या ताटात कधी एक शीत टाकूक नाय."