उरलेले वॅट खंय जातत?

बल्ब विकत घ्यायला जाताना पिशवीतून बांगडा नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, दाजी मोंडकर. जामसंड्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दुकानदार विलासने मोठ्या कौतुकाने एलईडीचा पांढरा बल्ब लावून दाखवला. दाजींनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बांगडा ठेवला आणि वाकून बघत म्हणाले, "विलास, ह्येच्या उजेडात कालचो बांगडो आजचो दिसता. ह्यो बल्ब लबाड आसा."

विलासने पिवळसर उजेडाचा बल्ब लावला. दाजींनी बांगडा कुशीवर वळवला.

"आणि ह्येच्यात आजचो कालचो दिसता. ह्यो त्याच्याहून लबाड."

"दाजीनू, तुमका बल्ब होयो की बांगडो?" विलास रडकुंडीला आला होता. दुकानाच्या पायरीवर तोवर मांजर येऊन बसलं होतं.

मी हायस्कुलात शिकवतो आणि माझ्याकडे स्कूटर आहे. यातली दुसरी गोष्ट दाजींना जास्त महत्त्वाची वाटते. "मास्तरानू, जरा येवा" अशी हाक आली की समजायचं, कुठेतरी तपासणीला निघायचं आहे.

दाजींची सगळी नोकरी खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर गेली. वर आंब्याच्या पेट्या आणि खाली भलतंच काहीतरी, असले ट्रक बघून बघून त्यांचा जगावरचा विश्वासच उडाला. निवृत्त झाले, पण नाका सुटला नाही. तो त्यांच्याबरोबर घरी आला. "भायर काय लिवलाहा तां सोडा, आत काय आसा तां सांगा," हे त्यांचं पालुपद. बिस्किटाच्या पुड्यापासून पुतण्याला सांगून आलेल्या मुलीपर्यंत सगळ्यांना ते सारखंच लागू. सत्यनारायणाच्या प्रसादातही ते आधी केळं शोधतात आणि सापडलं की थोडे हिरमुसतात.

असा माणूस, आणि त्याच्या स्वयंपाकघरातला शेवटचा जुना बल्ब गेला. नव्या खोक्यावर छापलं होतं की बल्ब नऊ वॅटचा, उजेड साठ वॅटचा.

"मास्तरानू, मगे उरलेले वॅट खंय जातत?"

मी समजावलं, "दाजी, जुना बल्ब बरीचशी वीज नुसता तापण्यात घालवायचा. हा ती उजेडाला लावतो."

दाजींनी पेटत्या बल्बच्या बुडाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "तापता! ह्यो पण तापता! सापडलो!"

त्यानंतर मीटरची चौकशी लागली. घरातलं सगळं बंद करून दाजी पडवीत मीटरसमोर उभे आणि मी स्वयंपाकघरात बटणाशी. "लावा!" "बंद करा!" अशा आरोळ्या साऱ्या वाडीत ऐकू जात. मीटरवरचा लाल दिवा किती भराभर लुकलुकतो, हे ते डोळे बारीक करून बघत. नवा बल्ब लावल्यावर तो खरोखरच मंदावला. वीज वाचत होती, यात शंकाच नव्हती. तेव्हा दाजींनी मीटरकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "ह्यो तेंका सामील आसा."

त्यांच्या पत्नी, सुमतीकाकू, नारळ किसता किसता गालातल्या गालात हसायच्या.

पण बल्ब काही ठरेना. पांढरा झाला, पिवळा झाला, लहान झाला, मोठा झाला. थोडे दिवस गेले की खोकं परत दुकानात. शेवटी विलास मला बाजूला घेऊन म्हणाला, "बल्बात काय एक नाय हो. माका आता दाजींचोच संशय येता."

मलाही येत होता. शेवटी नेलेला बल्ब इतका लख्ख होता की त्यांच्या स्वयंपाकघराचा उजेड आमच्या अंगणात पडायचा, आणि दाजी म्हणत होते, "काळोख आसा."

एका संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. काकू चहा ओतत होत्या. धार कपात पडलीच नाही, कपाच्या बाजूला सरळ ओट्यावर पडली. अंगठ्याला चटका बसला तशा काकू थबकल्या. काय झालं ते त्यांना कळत नव्हतं, की कळलं होतं आणि मानवत नव्हतं, कोण जाणे. पण चेहरा घाबराघुबरा झाला.

मी काही बोलणार एवढ्यात दाजी बल्बावर कडाडले, "बघलंस गो ह्येचा काम? समोरचो कप दिसूक देणा नाय मेलो! उद्याच्या उद्या बदलतंय."

काकूंचा श्वास मोकळा झाला. "खराच हो," त्या म्हणाल्या. "उजेडच नाय मेल्याक."

मला पोचवायला दाजी अंगणात आले. बोलले ते माझ्याकडे न बघता.

"मास्तरानू, बल्ब बरो आसा. पयलो पण बरोच होतो."

"मग?"

"तिका मोतीबिंदू झालोहा. तिच्या आवशीचा ऑपरेशन बिघडला होता. म्हातारी आंधळी होवनच गेली. तां सगळा सुमतीन ल्हानपणी बघलला. आता डॉक्टराचा नाव काढला तरी ती उठान आत जाता. बल्ब वायट आसा म्हटला काय जेवता, झोपता."

"आता ते ऑपरेशन सोपं झालंय. तुम्हीच समजावा ना त्यांना."

"माझा कोण आयकतला? मी उभ्या जन्मात कसल्याक बरा म्हटलंय नाय."

आणि मग एके दिवशी दाजींनी मला रिक्षा बोलवायला सांगितली. देवगडला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सोबत म्हणून काकूंनाही घेतलं. मोतीबिंदू दाजींच्याही उजव्या डोळ्यात धरू लागला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने थांबलात तरी चालेल.

"नाय. माका आताच करूचा आसा."

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी एक शब्द विचारला नाही. थेंब घातले, घालून घेतले. आत नेईपर्यंत काकूंचा हात मात्र धरून होते.

"हात थंड पडलेत तुमचे," काकू म्हणाल्या.

"पंखो मोठो आसा हयसर."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि दाजी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय एक दुखूक नाय गो! डॉक्टर एकदम बरो माणूस!"

काकू चमकून त्यांच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने कुणाची स्तुती केलेली त्यांनी प्रथमच ऐकली होती. घरी रिक्षातून उतरता उतरता त्या म्हणाल्या, "माझो डोळो कधी करतले?"

काकूंची पट्टी काढायच्या सकाळी दाजी आत गेलेच नाहीत. बाहेरच्या बाकावर दाराकडे पाठ करून बसले. घाईघाईत शर्टाची बटणं वरखाली लागली होती. एका बाजूची कॉलर कानापर्यंत आली होती, पण सांगायची सोय नव्हती.

दार उघडलं. नर्सच्या आधाराने काकू बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. पायांचा आवाज ऐकून दाजी उठले, वळले, पण पुढे होईनात. काकूंनी नर्सचा हात सोडला आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बटाणा चुकवल्यात तुमी."

आणि तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, त्यांनी वरपासून एकेक बटण सोडवलं आणि ज्याच्या त्याच्या काजात घातलं. दाजी हनुवटी वर करून मुकाट उभे होते.