सुंदर काढाल तर नापास

आमच्या कॉलेजात एक बाई आहेत. त्यांचं चित्र जो सुंदर काढतो, तो नापास होतो.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मागच्या वर्षी एका मुलाने जीव ओतून त्यांचं चित्र काढलं. गाल मऊ, डोळे पाणीदार, ओठांवर किंचित हसू. बाईंनी कागद हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि विचारलं, "ही कोण?"

"तुम्हीच, मॅम."

"कुठे दिसलं तुला हे?" बाईंनी आपल्या गालावर बोट टेकवलं. लहानपणच्या कांजिण्यांचे तिथे चांगले ठसठशीत खड्डे आहेत. "रस्त्यावरचे बुजवत नाही कुणी, माझे बरे बुजवलेस!"

"मॅम, रिस्पेक्ट म्हणून..."

"रिस्पेक्ट वर्गाबाहेर काढून ठेवायचा, चपलांशेजारी. पुन्हा काढ."

या कुसुम ओव्हाळ बाई. कोथरूडमधल्या आमच्या खासगी डिझाइन कॉलेजात त्या इलस्ट्रेशन शिकवतात, म्हणजे गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकवतात. मी तिथेच कलेचा इतिहास शिकवते. दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवर मी तासन्‌तास बोलू शकते, पण मला स्वतःला साधा आंबा काढता येत नाही. काढला की त्याचा बटाटा होतो. ही माहिती बाई प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी पुरवतात. "या मीनल मॅडम. यांना चित्रातलं सगळं कळतं, चित्र सोडून." मी चिडत नाही. चिडून उपयोग होत असता तर आतापर्यंत बराच झाला असता.

चित्र काढायला समोर माणूस लागतो आणि तो बसवायला पैसे लागतात. ते कॉलेजकडे नाहीत असं वरून कळलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मग मी बसते." तेव्हापासून आलेल्या प्रत्येक बॅचने ओव्हाळ बाईंनाच काढलं. समोरून, पाठीमागून, डाव्या हाताने, पेन्सिल न उचलता, नुसती सावली. रबर वापरायला बंदी. पुसायचा विचार करतोय असं वाटलं, तरी बाई खुर्चीतून ओरडायच्या, "चुकलंय ना? राहू दे. शेजारी बरोबर काढ. दोन्ही दिसू देत."

पण खरा स्वाध्याय त्यानंतर सुरू व्हायचा. बाई म्हणायच्या, "गोष्टीतलं पात्र पहिल्या पानावर एक दिसलं आणि पुढच्या पानावर दुसरंच, तर पोर पुस्तक मिटतं. मला ओळखता आलं पाहिजे, मी कुठेही असले तरी." मग मुलांनी बाईंना कुठेही न्यायचं. बाई चोर. बाई महाराणी. बाई पीएमटीच्या बसमध्ये लोंबकळताना. एकदा मार्केट यार्डात त्या फ्लॉवरच्या ढिगापुढे खरोखरच उभ्या राहिल्या आणि मुलं चारी बाजूंनी त्यांना काढत होती. व्यापारी वैतागला. "बाई, घ्यायचा तर घ्या, नाहीतर सरका." बाई म्हणाल्या, "माझी मुलं माझा डावा कान काढतायत. तेवढा झाला की सरकते." तो कान होईपर्यंत एका टेम्पोवाल्याने हॉर्नवरून हात काढला नाही.

एकदा एका हुशार पोराने यातून पळवाट काढली. कॉम्प्युटरला चार ओळी लिहून दिल्या आणि त्याने क्षणात चित्र हजर केलं. चष्मा, अंबाडा, मायाळू हसू, मागे फुलांचं झाड. बाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं. "छान आहे की ही. स्वभावानेही बरी दिसते. उद्यापासून हिलाच शिकवायला बोलाव." पोराने हसून बघितलं, बाई हसत नव्हत्या. त्याने निमूटपणे कोरा कागद घेतला.

बाईंना गुळगुळीत चेहऱ्याचा एवढा राग का, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. चहा पिता पिता त्यांनी ते सांगितलं, तेही हसत. त्यांचं लग्नाचं बघत होते, तेव्हा स्थळांना पाठवायला स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाल्याने न विचारताच परोपकार केला. पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरचे सगळे खड्डे भरून टाकले. तुटलेली डावी भुवईसुद्धा जोडून दिली. "हात चांगला होता हो मेल्याचा," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगला." फोटो पाहून मुलाकडचे घाईघाईने आले. मुलाची आई एकदा फोटोकडे बघे, एकदा बाईंकडे. पोहे खाल्ले आणि उठले. दारात बाईंनी त्यांना गाठलं आणि फोटो पुढे केला. "हा घेऊन जा. पसंत आहे ना? मग लावा याच्याशी लग्न."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घरात आठवडाभर कुणी माझ्याशी बोललं नाही. आणि मी ड्रॉइंगच्या कोर्सला नाव घातलं."

तर अशा बाई. त्यांच्या विरोधात कुणी जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आमच्याकडे नवे संचालक आले, अमेय सर. माणूस वाईट नाही, पण बोलताना त्याच्या प्रत्येक वाक्यात एक 'आउटकम' असतो. एका मुलीच्या आईने त्यांच्याकडे तक्रार केली होती: एवढी फी भरून मुलगी सहा महिने एकाच म्हाताऱ्या बाईचं तोंड काढतेय. अमेय सरांनी बाईंना बोलावलं. मला शेजारी बसवलं, बहुधा साक्षीदार म्हणून.

"मॅम, या एक्सरसाइजचा आउटकम काय?"

"मुलांना बघता येतं."

"बघता तर सगळ्यांनाच येतं, मॅम."

"तुमच्या टेबलावर फोटो आहे ना तुमच्या आईंचा? तिकडे न बघता सांगा, आईंच्या कोणत्या भुवईत जास्त पांढरे केस आहेत?"

अमेय सरांची नजर फोटोकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली. पण संचालक अडला म्हणजे हरला असं नसतं. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की वार्षिक प्रदर्शनात या स्वाध्यायाला एक भिंत मिळेल. पालकांना आवडलं तर ठीक, नाहीतर पुढच्या सत्रापासून हा तास बंद आणि त्या वेळात कॉम्प्युटरवरचं काहीतरी.

मी असते तर निवडक, बऱ्यापैकी चित्रं लावली असती. बाईंनी सगळी लावली. छतापासून जमिनीपर्यंत ओव्हाळ बाई. वाकड्या, तिरक्या, खड्ड्यांसकट, शिंकताना, भाजी घासाघीस करून घेताना, दुहेरी हनुवटीच्या, रागावलेल्या. आणि भिंतीपुढे खुर्ची टाकून बाई स्वतः बसल्या. शेजारी पाटी: 'मूळ प्रत येथे आहे. ताडून पाहावे.'

पुण्याच्या माणसाला चूक शोधायचं आमंत्रण दिलं की तो कुठूनही येतो. सकाळपासून भिंतीपुढे गर्दी. एक निवृत्त गृहस्थ चष्मा पुसून पुसून प्रत्येक चित्र तपासत होते. "या तिसऱ्यात कान खाली गेलाय." बाई खुर्चीतून म्हणाल्या, "नीट बघा. कानच खाली आहे." त्यांनी येऊन खात्री केली आणि मान्य केलं. यापूर्वी त्यांनी आयुष्यात काही मान्य केलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

तेवढ्यात तक्रार करणारी आई आली. सोबत तिची मुलगी ऋचा, चेहरा पडलेला.

"तुम्हीच का त्या?" आईने विचारलं.

"ताडून बघा ना," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठल्या. "बसा इथे."

"मी? कशाला?"

"तुमची तक्रार आहे ना, की तिने फक्त माझंच तोंड काढलं? तुमचं काढू दे. ऋचा, कागद घे."

आई बसली. केस नीट केले, पर्स मांडीवर घेतली आणि फोटोला हसतात तशी हसली. थोड्या वेळाने ते हसू दमलं आणि खरा चेहरा वर आला. ऋचा काढत होती. एकदाही तिने रबर शोधलं नाही. कागद आईच्या हातात दिला तेव्हा त्यावर डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती, कपाळावरची उभी आठी होती, आणि आईने ज्यावर घाईने पावडर लावली होती तो हनुवटीवरचा भाजल्याचा जुना डागही होता.

आईचं बोट हनुवटीकडे गेलं. मग म्हणाली, "तुला हा डाग माहीत आहे?"

"तुझ्याजवळच झोपत होते ना मी," ऋचा म्हणाली. "रोज दिसायचा."

आईने डोळे पुसले आणि ते कुणी पाहिलं नाही असं समजून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मीही डोळे पुसले. पुढे मग विचारू नका. पालकांची रांग लागली. "आमच्या मुलाला सांगा ना मला काढायला." "अहो, नंबर आहे इथे, तुम्ही मागून आलात." अमेय सर मोबाइलमध्ये रांगेचे फोटो काढत आनंदाने फिरत होते. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा स्वाध्याय चालूच राहील. इतकंच नाही, आता त्यासाठी बाहेरून मॉडेल आणायला पैसे मंजूर. "ओव्हाळ मॅमना या वयात तासभर बसायचा त्रास नको!"

टाळ्या वाजल्या. बाईंनी नाही वाजवल्या.

आम्ही दोघी एकाच रिक्षाने निघालो. मी सिंहगड रस्त्याला उतरते, त्या पुढे धायरीला जातात. मी जिंकल्याच्या थाटात बडबडत होते. बाई बाहेर बघत होत्या.

"बरं झालं ना, बाई? तुमची पाठ किती दुखायची."

"पाठीचं मरू दे."

मग त्या म्हणाल्या, "घरी मी एकटी. दूधवाला पिशवी अडकवून जातो. वॉचमन मोबाइलमध्ये. लिफ्टमधली माणसं मजल्याच्या आकड्याकडे बघतात. वर्गात पोरं तासभर माझ्याकडे बघतात गं. नाक कुठे वळतं, कान कुठे संपतो. इतकं निरखून तर आईनेसुद्धा बघितलं नसेल मला." त्यांनी पदराने उगाच चष्मा पुसला. "आता हे त्या अमेयला कसं सांगू? आउटकम म्हणून?"

सिंहगड रस्त्याला रिक्षा थांबली आणि मी उतरले.

नव्या सत्रात मॉडेल आले. तुकाराममामा. मार्केट यार्डात हमाली करून आता घरी बसलेले. पहिल्यांदा त्यांना खरंच वाटेना. "निस्तं बसायचं? अन्‌ त्याचं पैसं?" बसले, आणि थोड्याच वेळात डुलक्या घेऊ लागले. मी दारातून बघत होते. बाई मुलांमधून फिरत होत्या, "कुठे दिसलं तुला हे?" म्हणत होत्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक नवी मुलगी अगदी सहज म्हणाली, "मॅम, थोडं बाजूला व्हाल का? मॉडेल दिसत नाहीये."

बाई बाजूला झाल्या. ओव्हाळ बाई, कुणी सांगितलं म्हणून, बाजूला झाल्या.

माझं डोकंच फिरलं. शेजारच्या वर्गातली खुर्ची मी फरफटत आणली आणि मामांच्या शेजारी आदळली.

"बाई, बसा."

"काय डोकं फिरलंय का तुझं? मॉडेल आहेत ना."

"एकट्या माणसाची गोष्ट होते का कुठे? दोन माणसं लागतात. दोघांना एका कागदावर बसवता येतं का बघू दे मुलांना."

"तुला गं काय कळतं ड्रॉइंगमधलं?"

"काही नाही. बसा."

आवाज ऐकून अमेय सर दारात आले. "मीनल मॅम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"आहे," मी म्हणाले. नव्हतं. ते निघून गेले.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच खुर्चीत टेकल्या. लाकूड करकरलं तसे मामा दचकून जागे झाले आणि शेजारी बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं बाई, तुमी आला," ते म्हणाले. "एकट्याला लई अवघड वाटतंया."

"वाटतं खरं," बाई म्हणाल्या.

आणि वर्गातल्या सगळ्या माना वर झाल्या.