घरचा माल

बबनराव येळवंडे समोर आलेल्या कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारून ऐकत. चहाचा कप, कलिंगड, आमच्या दाराची कडी. मग गंभीर चेहऱ्यानं निकाल: "पास" किंवा "रिजेक्ट". आमच्या अंगणातल्या सत्यनारायणाला आले तेव्हा बसायच्या पाटालाही त्यांनी टिचकी मारली. भटजी पोथी थांबवून बघत राहिले.

चिंचवडच्या एका कारखान्यात ते माल तपासायला होते. पास मालाला हिरवा ठिपका, रिजेक्टला लाल, आणि सुधारण्याजोगा असेल तो परत मशीनवर, म्हणजे रीवर्कला. तिथले रंग त्यांच्या नखांत कायमचे बसले होते.

बायको फार लवकर गेली. घरात ते आणि मुलगी सुमन. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, पण प्रवेशपरीक्षेतलं गणित छळत होतं. ती नापास झाली असती तर कुरुळीचे चुलते स्थळ घेऊन टपलेलेच होते.

मी शाळेत गणित शिकवायचो. सुमन रविवारी शिकायला येई. एरवी फर्स्ट शिफ्ट सुटली की बबनराव तिनं सोडवलेली गणितं घेऊन दारात हजर. आत या म्हटलं तर उंबरा ओलांडायचे नाहीत.

"तुम्ही स्वतः कधी नजर टाकता का?" मी एकदा विचारलं.

"न्हाई, मास्तर! घरचा माल घरच्यानं पास करायचा नसतो. माया आडवी येती."

त्यांना गणित येत नव्हतं, हा भाग वेगळा.

सुमनचं वजाचं चिन्ह नेहमी वाटेत हरवायचं. मी लाल पेन उचललं की त्यांचा चेहरा पडे. "रिजेक्ट नगा म्हणू. रीवर्कला घ्या. खोट मालात हाय का मशीनमंदी?"

"घाई होते तिची."

"मंग मशीन सावकाश चालवाया पायजे," म्हणत ते निघत.

सुमन पास झाली. कॉलेज सांगलीला, राहणं होस्टेलवर. एसटी स्टँडवर बबनरावांनी तिच्या नव्या ट्रंकेला टिचकी मारली, "पास" म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत ट्रंकेवरचा हात काही काढला नाही.

त्यानंतर बरेच दिवस ते दिसले नाहीत. एका संध्याकाळी दारात उभे. हातात कागद.

"सुमननं पाठवलं?"

"न्हाई. ह्यो माझा माल. तिच्या जुन्या पुस्तकातलं हाय." ते खाली बघत होते. "शिफ्ट सुटली की सायकल आपसूक हिकडं वळती. हात हालवत कसं यायचं?"

मला फार वाईट वाटलं. कागद बघितला. गणित साफ चुकलं होतं. वजाचं चिन्ह लेकीसारखंच वाटेत हरवलं होतं.

"रिजेक्ट?"

"रीवर्क," मी म्हणालो. "आत या."

आणि बबनराव आत आले. खुर्चीला टिचकी न मारताच बसले.