कप्तान, जहाज बुडतंय!

मंडळी, चित्रपट बघतात सगळेच. पण कळतो तो मला! हे मी म्हणत नाही, माझ्या सदरात माझ्याच फोटोखाली छापलेलं असतं. (तो मजकूर मीच लिहून दिलाय, हा भाग वेगळा.) त्यामुळे यंदाच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपाला ‘समीक्षकाचे आवडते चित्रपट’ या विषयावर मी बोलावं, आणि उत्कृष्ट संवादांचं पारितोषिकही मीच निवडावं, असं आयोजकांनी ठरवलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. इतकी वर्षं ठरवलं नव्हतं, याचं वाटलं!

महोत्सवाला मी बायकोला बरोबर नेलं. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावून कंटाळते बिचारी. म्हटलं, बघू दे जरा मोठ्या पडद्यावर काहीतरी.

पहिलाच चित्रपट असा निघाला की मी खुर्चीच्या टोकावर आलो. एक म्हातारं जोडपं, एक स्वयंपाकघर, एक गळका नळ. बस्स! भाषा आमच्यापैकी कुणालाच ओ की ठो कळणारी नव्हती. सगळी भिस्त सबटायटलांवर.

म्हातारी ताटली विसळत होती. म्हातारा पेपर वाचत होता. तिनं मान वळवून काहीतरी पुटपुटलं आणि खाली अक्षरं उमटली : ‘कप्तान, जहाज बुडतंय!’

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अहो, अख्खा संसार तीन शब्दांत! म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. खाली आलं : ‘शिडं उतरवा! पोहता येतंय त्यानं उडी मारा!’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “अहो, एक विचारू? ती बाई बोलत होती तेव्हा खाली काहीच येत नव्हतं. आणि तोंड मिटून बसली होती तेव्हा दोन-दोन ओळी!”

“ते मनातले संवाद, अगं!”

“आणि तो म्हातारा एवढा वेळ बडबडला, तर खाली नुसतं ‘बापरे, लाट!’”

“यालाच संयम म्हणतात!”

“हे बघा, माझं आयुष्य लोकांची तोंडं बघण्यात गेलंय. काहीतरी गडबड—”

“तोंडं तू बघ. पडदा मी बघतो.”

दुसरा चित्रपट वादळात सापडलेल्या जहाजाचा. डोंगराएवढ्या लाटा! डोलकाठी मोडलेली! कप्तान सुकाणूला लोंबकळत बेंबीच्या देठापासून ओरडतोय, आणि खाली ओळ : ‘नळ बंद केलास का?’

मी थिजलो. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला एक दाढीवाला खलाशी हात वर करून उत्तरला : ‘केव्हाची सांगतेय, वायसर बदला म्हणून!’ काय ती झेप! मरणाच्या दारात माणसाला घरचा नळ आठवतो. आणि दाढीवाला ‘सांगतेय’ म्हणतो! बुडताना बाई-पुरुष हा भेदच उरत नाही! बायकोनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

समारोपाच्या दिवशी सभागृह तुडुंब. स्वयंपाकघरवाल्या चित्रपटाचा दिग्दर्शक त्याच सकाळी विमानानं आला होता. किडकिडीत, उंच, विझलेल्या मेणबत्तीसारखा. शेजारी दुभाषी बाई. तो मंचावर, मी माईकपाशी, टेबलावर पारितोषिकाची चकचकीत ढाल.

“माझी पहिली आवड,” मी आवाजात कंप आणून म्हणालो, “या थोर कलावंताचा चित्रपट! भांडी घासता घासता बायको नवऱ्याला म्हणते, ‘कप्तान, जहाज बुडतंय!’ या एका ओळीसाठी संवादांचं पारितोषिक यांना!”

टाळ्यांचा कडकडाट! दुभाषी बाई दिग्दर्शकाच्या कानाशी लागल्या. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा, मग दुधीभोपळ्याच्या रंगाचा. तो काहीतरी बोलला.

“ते विचारताहेत,” बाई माईकमध्ये म्हणाल्या, “कुठला कप्तान?”

टाळ्या मध्येच तुटल्या.

“म्हणजे... नवरा. नवराच कप्तान ना?”

“ते म्हणताहेत, त्यांच्या चित्रपटात कप्तान नाही. जहाज नाही. ते स्वतः बोटीत बसत नाहीत. मळमळतं.”

माझ्या पायाखालचा मंच सरकला. पण अनुभवी माणूस मी! बाजू सावरायला झटकन पुढे गेलो. “असो! दुसरी आवड, वादळावरचा तो अजोड चित्रपट. लाटेच्या माथ्यावरून कप्तान विचारतो, ‘नळ बंद केलास का?’”

बाईंनी हे सांगताच दिग्दर्शक ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे उलटली!

“ते म्हणताहेत, हा त्यांचा संवाद आहे! त्यांच्या आजीचं वाक्य आहे! ते जहाजावर कसं गेलं?”

आयोजक जिन्यावरून धडपडत प्रोजेक्टरच्या खोलीत गेले आणि परत आले ते घामानं निथळत. माईक माझ्या हातातून घेऊन म्हणाले, “क्षमा असावी. दोन्ही चित्रपटांच्या सबटायटलांची अदलाबदल झाली होती.”

सगळं सभागृह आ वासून बसलं. एवढे जबडे एकदम उघडलेले माझ्या बायकोनंही कधी पाहिले नसतील! ती पहिल्या रांगेत तोंडाला रुमाल लावून बसली होती. मला वाटलं, रडतेय. खांदे गदागदा हलत होते.

कान तापून लाल झाले होते माझे. ज्यांनी हुंदके दिले होते ते छताकडे बघायला लागले. शेवटी आयोजकांनीच तोडगा काढला. चित्रपट आत्ताच्या आत्ता, खऱ्या ओळींसह, पुन्हा दाखवायचा! मला दिग्दर्शकाच्या शेजारी बसवण्यात आलं. पळायला वाट नव्हती. दुसऱ्या बाजूला दुभाषी बाई.

दिवे गेले. ताटली, पेपर, नळ. म्हातारीनं मान वळवली. खाली ओळ आली :

‘आपलं आयुष्य या नळासारखं गळतंय.’

म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. ‘होय. आणि आपण एकटे आहोत.’

‘एकटेपणा फार वाईट असतो.’

‘फार.’

मंडळी, वायसर आणि आजीचं ते वाक्य सोडलं, तर पुढं सगळं असंच! मागून कुणीतरी हळूच पुटपुटलं, “कप्तानाला बोलवा रे!” अख्खी रांग फिस्सकन हसली. दिग्दर्शकाला आमची भाषा येत नव्हती, पण हसणं कळत होतं. तो खुर्चीत खाली खाली घसरत गेला. मला त्याची खरोखर दया आली. एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि मी त्याला भरल्या सभेत चढवून पाडलं होतं.

दिवे लागले. तो माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. बाईंनी सांगितलं, “खरं सांगा, कसा वाटला, असं विचारताहेत.”

आजवर एवढे चित्रपट सोलून काढले, पण शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाला तोंडावर सांगायची वेळ आली नव्हती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “नळाचं छान आहे.”

तो खुर्चीत सावरून बसला. मग टेबलावरच्या ढालीकडे बघत एक लांबलचक वाक्य बोलला. मी मनात शिव्या खायची तयारी केली.

“ते म्हणताहेत,” बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेल्या त्या ओळी त्यांना फार आवडल्या. तो जहाजवाला लेखक कुठे भेटेल? पुढचा चित्रपट त्यांना त्याच्याकडूनच लिहून घ्यायचाय.”

ढाल कुणाला द्यायची, यावर आयोजकांची बैठक अजून चालू आहे. मी मार्गदर्शन करायला तयार आहे, असा निरोप मी तीनदा पाठवला. आत गेलेला माणूस बाहेर येऊन दर वेळी एकच सांगतो : “साहेब, तुम्ही घरी गेलात तरी चालेल.”