नानांचा वेबकॅम आणि चष्म्याचा स्क्रू

"वस्तू बनवणाऱ्याला ती कधीच पुरती कळत नाही. ती कळते उघडणाऱ्याला!" नानांनी जाहीर केलं आणि विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. तो खुंटीला टांगलेला कोट होता. बायको दाराशी उभी होती.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू सकाळीच निसटला होता. तो तिळाएवढा स्क्रू बसवायचा तर डोळ्यांवर चष्मा हवा, आणि डोळ्यांवर चष्मा राहायचा तर तो स्क्रू हवा!

"अहो, दोऱ्यानं बांधून देऊ का? संध्याकाळी दुकानात नेऊ."

"दोऱ्यानं?" नाना असे दचकले, जणू ती त्यांनाच बांधणार होती. "जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. एक तरी दोऱ्यानं बांधली का?"

योजना तयार होती. संगणकावरचा वेबकॅम उतरवायचा. त्याचं भिंग एकाच जागी पक्कं बसवलेलं. समोर बसलेला माणूस स्वच्छ दिसतो, नाकाशी धरलेली वस्तू धुरकट. पण भिंग असतं आट्यांवर, बाटलीच्या झाकणासारखं. फिरू नये म्हणून गोंदाचा एक ठिपका. ठिपका खरवडला, भिंग उलटं फिरवून जरा बाहेर काढलं, की जवळचं लख्ख! मग स्क्रू त्याखाली धरायचा आणि पडद्यावर बघत बसवायचा.

आणि काय सांगावं, जमलं! सगळं चाचपून, पण जमलं. पडद्यावर स्क्रू दिव्याच्या खांबाएवढा उभा राहिला. नानांचा अंगठा तर एखाद्या पाणघोड्यासारखा त्याच्या शेजारी येऊन बसला.

"बघ! बघ!" नाना कोटाला म्हणाले.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. कॅमेरा त्यांनी उलटा धरला होता. हात डावीकडे नेला की पाणघोडा उजवीकडे जाई. नानांनी चिमटा अचूक विरुद्ध दिशेला दाबला. टिक्! खांब गेला. कुठे गेला ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

तेवढ्यात मुलगी आत आली. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून बांधलेले केस. वर्षभर वाट पाहिलेल्या नोकरीची शेवटची मुलाखत होती, आणि ती संगणकावरूनच द्यायची होती.

"नाना, उठा. ते लोक यायची वेळ झाली."

नानांनी निमूटपणे वेबकॅम जागेवर ठेवला. पडद्यावर धुकं पसरलं.

"मी कुठाय?"

"तो मधला तपकिरी डाग आहे ना," नाना आश्वासक स्वरात म्हणाले, "ती तू. थोडी पुढे सरक."

ती सरकली. आणखी सरकली. नाक कॅमेऱ्याला टेकायच्या बेतात असताना समोरची मंडळी हजर झाली.

"माफ करा," एक भारदस्त आवाज आला, "आम्ही नक्की काय बघतोय?"

"भुवई," नाना मागून म्हणाले. "डावी. घराण्यात सगळ्यांच्याच दाट आहेत."

पुन्हा तोच आवाज: "आम्ही चहा घेऊन येतो. तोवर तेवढं दुरुस्त करा. चेहरा दिसल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही."

मुलगी वळली. आता ती भुवई नानांना चष्म्याशिवायही दिसली.

"सोप्पं आहे!" नानांनी भिंग फिरवलं. पुन्हा त्याच बाजूला. ते आट्यांतून सुटलं आणि टुणकन टेबलावर पडलं. मुलीनं ते झेलल्यासारखं उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"द्या, मी बसवते," बायको म्हणाली.

"कुणी हात लावू नका!" नाना ओरडले. " आटे बारीक असतात. वाकडे गेले की कॅमेरा संपला."

"मग तुम्हीच बसवा," मुलगी म्हणाली. "उघडणाऱ्यालाच कळतं ना? चहा प्यायला कितीसा वेळ लागतो, नाना?"

नानांनी भिंग डोळ्यांपाशी नेलं. लांब नेलं. पुन्हा जवळ आणलं. आटे दिसेनात. तळहातसुद्धा अंदाजानंच दिसत होता.

ते खाकरले. कोटाकडे वळले, चूक लक्षात आली, मग दाराकडे वळले.

"अगं, तो दोरा... काळा असेल तर बघ. पांढरा चष्म्यावर बरा दिसत नाही."