फुलोऱ्याआधीचा विळा

आमच्या चाळीच्या गच्चीवर बांबूला पॉवरलूमवरच्या कापडाची एक चिंधी बांधलेली आहे. ती हलली की चाळीचे मालक तुकादादा पाटील हलतात. तोंडात ब्रश तसाच ठेवून खाली येतात आणि ओरडतात, "वारा सुटलाय! कपडे बाहेर सुकवायचे न्हाय!" मग आमचे टॉवेल-बनियन घरात, आमच्याच डोक्यावर. भाडेकरूंना हवामानाबद्दल स्वतःचं मत नसतं.

पाऊस सरत आला की हा माणूस एका जागी बसलेला मी कधी पाहिला नाही. चहा उभ्यानं, तोही अर्धाच. उरलेला कप कुठल्या तरी पायरीवर सापडतो. कमरेला विळा, आणि नजर शेजारच्या पूर्णा गावच्या गोदामांमधल्या मोकळ्या प्लॉटांवर. तिथल्या गवताला फुलोरा यायच्या आत ते कापलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. प्लॉट कुणाचा, हा प्रश्न गौण.

गंमत म्हणजे दादा मूळचे गवताचेच व्यापारी. मुंबईच्या तबेल्यांना त्यांचे ट्रक जायचे. "पिकल्याबिगर विळा लावायचा न्हाय," असं तेव्हा मजुरांना दटावणारा हा माणूस आता हिरवं पातं दिसलं तरी अस्वस्थ होतो.

एकदा गोदामाच्या रखवालदारानं अडवलं. दादांनी हिंदीत व्याख्यान ठोकलं, "सुबह सूखा हवा चलता है ना, तो फूल का पावडर उडता है. आदमी का साँस बंद!" रखवालदारानं सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "वो तो ठीक है चाचा, आपकी भैंसें कितनी हैं?" दादा आठवडाभर धुमसत होते.

पावसावरही त्यांचा पुरता विश्वास नाही. रिपरिप पडला तर खूश, "हवा धुतली!" गडगडाट करत आला की खिडक्या बंद. "ह्यो फसवा हाय. फुलोऱ्याचं पीठ करून नाकात घालतो."

हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांची एकुलती एक लेक सुनंदा पुण्याला असते. एका दिवाळीत ती माहेरी आली, असाच गडगडाटी पाऊस झाला, आणि तिला अशी धाप लागली की दादांनी तिला उचलून रिक्षात घातलं. तेव्हापासून ती दिवाळीला येत नाही. दादाच येऊ देत नाहीत.

यंदाच्या दिवाळीत मात्र पहाटे रिपरिप झाली आणि चिंधी भिजून मुकाट लोंबत राहिली. दादांनी गच्चीवरूनच फोन लावला, "निघ बाय. आज हवा धुतलेली हाय."

सुनंदा येईपर्यंत त्यांनी दोनदा अंघोळ केली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला शर्ट घातला. तरी अंगाला गवत असेल म्हणून लेकीपासून चार हात लांबच उभे. काकूंनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. सुनंदानं पहिला घास घेतला आणि दादा पुन्हा गच्चीवर पळाले.

खाली आले ते घामाघूम. "वारा फिरला, बाय. ऊठ."

"बाबा, जेवू तरी द्या."

"डब्यात घे. गाडीत खा."

काकू रडायला लागल्या. सुनंदानं बापाकडे एकदा पाहिलं, आणि वाद न घालता डबा उचलला. ती आली तशी तासाभरात गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर दादा घरात आले आणि तिच्या उष्ट्या ताटासमोर खाली बसले. मी दारातच उभा होतो. मला म्हणाले, "जरा वर जाऊन बघ रे. हलते ना?"

मी गच्चीवर गेलो. चिंधी ओलीच होती, बांबूला चिकटलेली. मी वाकून खाली पाहिलं. दादा अंगणात येऊन, मान वर करून उभे होते.

"जोरात हलतेय, दादा," मी ओरडलो.

"बघ," ते म्हणाले, "बरं झालं धाडली."